उंबऱ्यापासून बांधापर्यंत : सातारा-सांगलीतील कचऱ्याचे नियोजन

एकात्मिक घनकचरा व्यवस्थापन म्हणजे कचऱ्याच्या सगळ्या प्रवासाचा एकच आराखडा. कचरा घरात वेगळा ठेवणे, गोळा करणे, वाहून नेणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि उरलेल्या निरुपयोगी भागाची सुरक्षित विल्हेवाट लावणे, ही त्यातली पाच कामे. ती एकमेकांत गुंतलेली आहेत. घरात ओले-सुके एकत्र झाले की घंटागाडीतले कप्पे वाया जातात, खतात काचा येतात, शेतकरी ते खत नाकारतो आणि सगळा भार पुन्हा डेपोवर येऊन पडतो. पाचांपैकी एक काम ढिले पडले तरी उरलेल्या चारांवर केलेला खर्च फुकट जातो. म्हणूनच या पाचही कामांचा विचार एकत्र करावा लागतो.

या विषयाच्या अभ्यासासाठी सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे फार मोलाचे आहेत. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० साली कराड, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी देशात पहिले आले. कराड हे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरचे बाजारपेठेचे गाव, विटा हे यंत्रमागांचे आणि देशभर विखुरलेल्या गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांचे, तर पाचगणी हे निवासी शाळांचे आणि पर्यटनाचे. तिघांचे हवामान, धंदे आणि कचरा वेगवेगळा आहे, तरी तिघांना जमले. याच भागात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर लोकसंख्येची सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आहे, सव्वा लाखाच्या घरातले सातारा शहर आहे आणि शेकडो ग्रामपंचायती आहेत. लहान गावापासून महापालिकेपर्यंतचे सगळे प्रश्न इथे एकाच नदीच्या खोऱ्यात पाहायला मिळतात.

कायदा आणि परंपरा

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदले आहे. प्रत्यक्ष नियम मात्र न्यायालयाच्या रेट्यामुळे आले. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेनंतर २००० साली देशात नागरी घनकचऱ्याचे नियम झाले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. कचरा निर्माण करणाऱ्यानेच तो ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करून द्यावा, असे त्यांत स्पष्टपणे सांगितले होते. रोज सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या हॉटेले, मंगल कार्यालये आणि संस्थांवर वेगळी जबाबदारी टाकली गेली. १ एप्रिल २०२६ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांनी ही विभागणी चार प्रवाहांची केली: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा.

या भागात मात्र कायद्याच्या आधीची एक परंपरा आहे. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गाडगे महाराजांचे नाव कराडच्या महाविद्यालयाने १९५४ साली, त्यांच्या हयातीतच घेतले. पुढे २०००-०१ मध्ये राज्यात सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना आकाराला आले. गाव झाडण्यात कमीपणा नाही, ही भावना त्यातून रुजली. आजच्या यशामागे ही पुण्याईही आहे.

आधी मोजणी

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे कचरा मोजणे आणि उघडून पाहणे. लहान शहरांत दरडोई रोजचा कचरा साधारण २०० ते ३०० ग्रॅम धरतात. मोठ्या शहरांत हा आकडा वाढत जातो. कराडची २०११ ची लोकसंख्या सुमारे ५४ हजार. दरडोई ३०० ग्रॅम धरले तर एवढ्या शहरात रोज १६ टनांच्या आसपास कचरा निघेल. त्यात निम्म्याहून थोडा जास्त ओला, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सुका आणि बाकी माती-राडारोडा धरला, तर नऊ टन ओल्या आणि साडेपाच टन सुक्या कचऱ्याची सोय करावी लागेल.

हा हिशेब अंदाजाचा आहे. खरा आकडा वजनकाट्यावर आणि वेगवेगळ्या ऋतूंत घ्यावा लागतो. आंब्याच्या दिवसांत कोयी आणि साली वाढतात, दिवाळीत पुठ्ठा आणि कागद, गणपतीत निर्माल्य, पावसाळ्यात सगळेच भिजून जड होते. एका आठवड्याच्या मोजणीवर यंत्रांची खरेदी केली तर वर्षभर पस्तावण्याची वेळ येते. गाड्यांचा हिशेबही मोजणीतूनच निघतो. सरासरी साडेचार माणसांचे घर धरले तर ५४ हजार वस्तीत १२ हजार घरे होतात. एका घरापाशी अर्धा मिनिट थांबणारी घंटागाडी सहा तासांत ७२० घरे करते. म्हणजे सतरा गाड्या हव्यात. त्यांतल्या पाच नादुरुस्त पडून असतील तर साडेतीन हजार घरांपुढे गाडी येत नाही. ज्या घरापुढे तीन दिवस गाडी येत नाही, ते घर चौथ्या दिवशी कचरा ओढ्यात टाकते.

दारात वेगळे, गाडीत वेगळे

वर्गीकरण जितके उशिरा होईल तितके महाग आणि घाण होत जाते. भाजीचे देठ आणि दुधाची पिशवी स्वयंपाकघरात दोन डब्यांत टाकायला क्षणभर पुरतो. त्याच दोन वस्तू आठ तास एकत्र कुजल्यावर वेगळ्या करायला माणूस, पट्टा आणि चाळणी लागते, तरीही त्या स्वच्छ होत नाहीत. खरकट्याने माखलेला कागद भंगारवालाही घेत नाही.

म्हणून घंटागाडीला कप्पे असतात: हिरवा ओल्यासाठी, निळा सुक्यासाठी आणि घातक व सॅनिटरी कचऱ्यासाठी वेगळा लहान डबा. खरी परीक्षा गाडीच्या मागच्या बाजूला होते. गृहिणीने दोन डबे आणले आणि कामगाराने ते एकाच कप्प्यात उलटे केले, तर ते घर दुसऱ्या दिवसापासून वेगळे करणे सोडते. हे एका गल्लीत घडले तरी चार दिवसांत पेठभर पसरते. याउलट मिसळलेला डबा न घेता परत दिला, कारण शांतपणे समजावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी वेगळा केलेला डबा आनंदाने घेतला, तर सवय लागते. या कामात मुकादम आणि आरोग्य निरीक्षक यांची रोजची फेरी कोणत्याही फलकापेक्षा उपयोगी पडते.

रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून टाकणे हाही याच आराखड्याचा भाग आहे. कुंडी असली की तिच्याभोवती ढीग होतो, त्यावर कुत्री आणि जनावरे येतात. मात्र कुंडी काढण्याआधी घंटागाडी वेळेवर यायला हवी. हा क्रम उलटा झाला की कुंडीची जागा उकिरडा घेतो.

ओला कचरा : खताची रास

ओल्या कचऱ्याचा सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे खत. डेपोवर तो लांबट राशींत रचतात. रास तळाशी तीन मीटर आणि उंचीला दीड मीटर असली तर आत हवा खेळते आणि उष्णताही टिकते. जिवाणू कामाला लागले की दोन-तीन दिवसांत राशीचे तापमान ५५ ते ६० अंशांवर जाते. थंडीच्या सकाळी रास उलटताना तिच्यातून वाफा निघताना दिसतात. याच उष्णतेने रोगजंतू आणि तणाचे बी मरते. ओल किती आहे हे मुठीने ओळखता येते. मूठभर माल दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त आणि माल भुरभुरला तर कमी. आठवड्याला एकदा रास उलटत पाच आठवडे गेले की ती निवते. पुढे काही आठवडे मुरवून ती चार मिलिमीटरच्या जाळीतून चाळतात. नऊ टन ओल्या कचऱ्यातून साधारण दोन टन खत मिळते. रोज नऊ टन आले तर सुमारे सहा मीटर लांबीची नवी रास लागते. पाच आठवड्यांच्या राशींची एकूण लांबी २०० मीटरच्या पुढे जाते. जागेची मागणी अशी हिशेबातून निघाली पाहिजे.

या दोन जिल्ह्यांत हवामानाचा फरक टोकाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण, आटपाडी आणि जत तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास असतो. महाबळेश्वर-पाचगणीत छप्पर नसेल तर रास सडून काळे पाणी वाहू लागते. माणदेशात राशीवर पाणी शिंपडावे लागते. एकाच नमुन्याचा प्रकल्प सगळ्या नगरपालिकांना वाटून देणे म्हणूनच चुकीचे ठरते.

खताचे गिऱ्हाईक मात्र दारातच आहे. ऊस, द्राक्ष, हळद आणि स्ट्रॉबेरीच्या या प्रदेशात सेंद्रिय खताची गरज मोठी आहे. वाळवा-मिरज पट्ट्यात कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी अति पाण्याने क्षारपड झाल्या आहेत आणि त्या सुधारताना सेंद्रिय खताचा आधार लागतो. उसाच्या पाचटात कर्ब जास्त आणि नत्र कमी, तर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र जास्त. दोन्ही एकत्र रचले तर कर्ब-नत्राचे ३० ला १ च्या जवळचे प्रमाण साधते, रास चांगली कुजते आणि फडात पाचट पेटवण्याची गरजही कमी होते. कचऱ्याच्या खतासाठी राज्य सरकारने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव दिले आहे. खत नियंत्रण आदेशानुसार अशा खतात सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के असावा लागतो आणि शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत. मिसळलेल्या कचऱ्यात सेल आणि रंगाचे डबे असतील तर ही मर्यादा पाळता येत नाही. शेतकऱ्याने हातात घेतलेल्या खतात एक काच निघाली, तर तो पुन्हा डेपोची पायरी चढत नाही.

हॉटेलांचे खरकटे आणि मंडईचा माल यांसाठी बायोगॅस जास्त सोयीचा. अशा कचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला निसर्गऋण संयंत्राचा नमुना महाराष्ट्रात वापरला गेला आहे.

सुका कचरा आणि तो निवडणारे हात

सुक्या कचऱ्याची किंमत निवडीवर ठरते. निवड केंद्रातल्या टेबलावर पुठ्ठा, पांढरा कागद, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, काच, कापड, चपला असे ढीग पडतात. चांगला वेगळा केलेला पुठ्ठा गठ्ठा बांधून विकला जातो. वेफर्सची चकचकीत पाकिटे कोणी विकत घेत नाही. किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक असलेला असा कचरा जमिनीत पुरू नये, असे २०१६ च्या नियमांत होते. तो सिमेंट भट्ट्यांत इंधन म्हणून पाठवता येतो. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपालिकेने सुका कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करून दाखवला आणि डेपो पाहायला लोक येऊ लागले.

हे काम कचरावेचक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ साली तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या सातारा-सांगलीत वेचक महिलांचे गट निवड केंद्रांशी करारानेच जोडले जायला हवेत. त्यांना ओळखपत्र, हातमोजे, बूट, बसून काम करण्याची सोय आणि विक्रीतला वाटा मिळाला पाहिजे. त्यांना बाजूला सारून आणलेला ठेकेदार तेच काम जास्त पैशांत आणि कमी काळजीने करतो.

घातक, सॅनिटरी आणि दवाखान्याचा कचरा

वजनाने थोडा असला तरी जोखमीने हा कचरा सर्वांत मोठा असतो. मुदत संपलेली औषधे, ट्यूबलाइट, सेल, कीटकनाशकांच्या बाटल्या आणि इंजेक्शनच्या सुया यांचा त्यात समावेश होतो. द्राक्षबागांच्या पट्ट्यात रिकाम्या औषधांच्या बाटल्यांचा प्रश्न फार गंभीर आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत, एवढे साधे पथ्य पाळले तर ते हाताने उचलणाऱ्या कामगाराची रोजची अवहेलना टळते.

१८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे वैद्यकीय केंद्र आहे. अशा शहरात जैववैद्यकीय कचऱ्याचा प्रवाह नगरपालिकेच्या कचऱ्यात मिसळणे कायद्याने निषिद्ध आहे. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांहून जास्त साठवता येत नाही. मोठी रुग्णालये ही शिस्त पाळतात, आराखड्यात लक्ष द्यावे लागते ते गल्लीतल्या छोट्या दवाखान्यांकडे आणि घरच्या रुग्णशुश्रूषेकडे.

जुने ढीग

सोनगावचा साताऱ्याचा डेपो, कराडची बाराडबरी, सांगलीचा समडोळी रस्ता आणि मिरजेचा बेडग रस्ता ही नावे त्या-त्या शहरात कचऱ्याचीच नावे होऊन बसली आहेत. वर्षानुवर्षे साचलेल्या ढिगात हवा पोचत नाही, आत मिथेन तयार होतो आणि उन्हाळ्यात तो पेट घेतो. पावसात त्यातून झिरपणारे काळे पाणी विहिरींत उतरते. या ढिगांवर उपाय म्हणजे बायोमायनिंग. जिवाणू कल्चर फवारून ढीग उकरतात, राशी करून वाळवतात आणि फिरत्या चाळणीतून माती, दगड, धातू आणि जळाऊ प्लास्टिक वेगळे करतात. शेवटी जमीन मोकळी होते. पाचगणीने आपला कचरा डेपो ‘स्वच्छ भारत पॉइंट’ नावाने पर्यटनस्थळ केला, तेव्हा हे शक्य असल्याचे सगळ्यांना दिसले. पण रोजचा मिसळलेला कचरा त्याच जागी येत राहिला, तर एका बाजूने उपसलेला ढीग दुसऱ्या बाजूने वाढतो. आधी रोजची आवक थांबवायची आणि मगच जुना ढीग उपसायचा, हाच क्रम.

नदी, पूर आणि जागा

भराव भूमीसाठी, म्हणजे उरलेला कचरा पुरण्याच्या जागेसाठी, २०१६ च्या नियमांनी अंतरे ठरवली होती: नदीपासून १०० मीटर, तळे, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर आणि शंभर वर्षांत नोंदलेल्या पूररेषेच्या बाहेर. सांगलीसाठी शेवटची अट सर्वांत कठीण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये १९२९ च्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पाणी ओसरल्यावर गाद्या, धान्य, फर्निचर, दुकानांतला माल आणि गाळ यांचे ढीग गल्लीगल्लीत उभे राहिले आणि ते उचलायला इतर महापालिकांची पथके यावी लागली. २००५ आणि २०२१ च्या पुरांनीही हाच धडा दिला. पूरग्रस्त शहराच्या आराखड्यात आपत्तीच्या कचऱ्याचे वेगळे प्रकरण असलेच पाहिजे. उंचावरच्या तात्पुरत्या जागा आधी ठरवलेल्या, यंत्रांचे करार आधी केलेले आणि गाळ, लाकूड, विद्युत उपकरणे व मेलेली जनावरे यांचे मार्ग वेगवेगळे हवेत.

वाईच्या घाटावर टाकलेले निर्माल्य आणि कराडच्या ओढ्यात टाकलेली पिशवी पाण्याबरोबर सांगलीकडेच येते. नदीकाठच्या नगरपालिकांचे आराखडे म्हणूनच एकमेकांना जोडलेले असावेत.

वारी, यात्रा आणि पर्यटन

स्थिर लोकसंख्येवर बेतलेला आराखडा इथे अपुरा पडतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण आणि बरड इथे मुक्काम करते, तेव्हा लाखो माणसांची वस्ती एका रात्रीत उभी राहते आणि सकाळी पुढे जाते. पालीच्या खंडोबाची आणि मांढरदेवीची यात्रा, कासच्या पठारावरचा फुलांचा हंगाम, महाबळेश्वर-पाचगणीचा उन्हाळा यांतही तेच घडते. पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि निर्माल्य हा अशा दिवसांचा मुख्य कचरा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे आणि राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे. तिथे कचरा निर्माणच होऊ न देणे हा पहिला उपाय ठरतो: पाणी भरून घेण्याची सोय, भांड्यांची बँक आणि हॉटेलांना आवारातच खत करण्याची सक्ती.

गावे आणि तालुके

खेड्यात ओल्या कचऱ्याचा प्रश्न शहराइतका बिकट नाही. भाजीचे देठ गाईपुढे जातात आणि बाकीचे शेणाबरोबर उकिरड्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाची नॅडेप टाकी, म्हणजे भिंतींत झरोके ठेवलेला विटांचा हौद, तीन-चार महिन्यांत चांगले खत देते. खेड्याचा नवा प्रश्न प्लॅस्टिकचा आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागातल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपये धरले होते. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावाला १ लाख ८० हजार. एवढ्यात गावाचे स्वतःचे प्लॅस्टिक केंद्र होत नाही, म्हणून ते तालुक्याला एक असे धरले गेले. साताऱ्याच्या ११ आणि सांगलीच्या १० तालुक्यांत ही केंद्रे नीट चालायची, तर गावोगावचा सुका कचरा ठरलेल्या दिवशी उचलणारी गाडी हवी. साखर कारखाने आणि दूध संघांच्या गाड्या याच रस्त्यांवर रोज फिरतात. तशीच शिस्त कचऱ्याच्या गाडीला लावता येईल.

पैसा, माणसे आणि देखरेख

बहुतेक नगरपालिकांत खर्चाचा मोठा भाग झाडलोट आणि वाहतुकीवर जातो आणि प्रक्रियेला थोडाच उरतो. यंत्र अनुदानातून येते, पण वीज, डिझेल, दुरुस्ती आणि पगार दरमहा लागतात. आराखड्यात निदान दहा वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद दिसली पाहिजे. घरपट्टीबरोबर घेतलेले शुल्क, खत-भंगाराची विक्री आणि मोठ्या कचरानिर्मात्यांकडून घेतलेला आकार हे त्याचे स्रोत. खताच्या विक्रीतून प्रकल्प फायद्यात चालेल, हे गृहीतक धोक्याचे असते. खताने खर्चाचा भार हलका होतो, फिटत नाही.

सफाई कामगार हा या साखळीचा कणा आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः दलित समाजाच्या माथी मारले गेले, हे सत्य आराखडा करताना विसरता येत नाही. वेळेवर पगार, आरोग्य तपासणी, अंघोळीची सोय आणि यंत्रांची मदत ही त्यांच्यावरची मेहेरबानी नाही, तो त्यांचा हक्क आहे.

देखरेखीसाठी पाच साधे आकडे दरमहा जाहीर करावेत: किती घरांतून कचरा वेगळा आला, किती टन गोळा झाला, किती खत विकले गेले, किती सुका माल बाहेर गेला आणि किती कचरा पुरला. शेवटचा आकडा दरवर्षी कमी होत गेला तर आराखडा चालू आहे. तो वाढला तर नवी गाडी घेण्याआधी चूक शोधावी.

कराड, विटा आणि पाचगणी यांच्याकडे इतरांकडे नसलेले कोणतेही तंत्र नव्हते. खराटा, गाडी आणि राशी सगळ्यांकडेच आहेत. त्यांचे यश रोजच्या शिस्तीचे आहे आणि ती शिस्त घरापासून सुरू होते. दिवाळीच्या आवराआवरीत प्रत्येक घरातून जुने सेल, फुटक्या ट्यूब, उरलेली औषधे, रद्दी आणि चिंध्या बाहेर निघतील. त्या एकाच पोत्यात भरू नयेत. घातक ते वेगळे, सुके ते वेगळे आणि फराळाचे खरकटे ओल्यात द्यावे. कृष्णाकाठच्या शेतात पोचणारे खत स्वच्छ असेल की नाही, हे आपल्या उंबऱ्यातच ठरते.